डाऊन सिंड्रोमचं कारण जगापुढे मांडणारा डॉक्टर पुढे त्याच शोधाच्या वापराविरुद्ध का उभा राहिला?

उदगीरमधल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये गेलात की भिंतीवर एक पाटी दिसतेच. इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाची. ती लावणं बंधनकारक आहे. त्याच पाटीखालच्या बाकड्यावर बसलेल्या एखाद्या बाईच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी करायची आणि सोबत डबल मार्करसाठी रक्त द्यायचं. नमुना बहुतेक वेळा बाहेरच्या मोठ्या लॅबला जातो, चार-पाच दिवसांनी रिपोर्ट येतो आणि त्यावर एक गुणोत्तर छापलेलं असतं. १:१८०, १:९००, १:४०००. हे गुणोत्तर असतं पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याच्या शक्यतेचं.

म्हणजे एकाच खोलीत दोन तपासण्यांची गोष्ट चाललेली असते. एक विचारणंसुद्धा गुन्हा. दुसरी डॉक्टर स्वतः लिहून देतात. बाळ मुलगी आहे म्हणून गर्भ पाडता येत नाही, पण डाऊन सिंड्रोम आहे म्हणून पाडता येतो. असं का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी मोठ्याने विचारत नाही.

हा प्रश्न आयुष्यभर विचारत राहिलेला एक माणूस होता. फ्रान्समधल्या डॉ. जेरोम लेज्यून यांचं नाव वैद्यकाच्या पुस्तकांत डाऊन सिंड्रोमचं कारण शोधणारे म्हणून येतं. गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, ज्या शोधामुळे ही गर्भतपासणी शक्य झाली, तो शोध त्यांच्याच नावावर जमा आहे. तोसुद्धा पूर्णपणे त्यांचा होता का, यावरही पुढे मोठं भांडण झालं. ते पुढे येईलच.

हाताच्या रेषा पाहणारा डॉक्टर

लेज्यून यांचा जन्म १३ जून १९२६ चा, पॅरिसला लागून असलेल्या माँरूज या गावातला. डॉक्टर झाल्यावर १९५२ मध्ये ते रेमाँ तुर्पँ नावाच्या ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांच्या हाताखाली संशोधनाला लागले. त्याच वर्षी बिर्थ नावाच्या डॅनिश तरुणीशी त्यांचं लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली.

तुर्पँ यांच्या विभागात जी मुलं यायची त्यांना तेव्हा सगळं जग 'मंगोल' म्हणायचं. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टराने १८६६ मध्ये या मुलांचं पहिलं नीट वर्णन केलं होतं. तिरपे डोळे, चपटं नाक, गोल चेहरा पाहून त्याने त्यांचं नातं थेट मंगोलियाच्या लोकांशी जोडलं. त्या काळातल्या युरोपात काही वंश वरचे आणि काही खालचे असं सर्रास मानलं जायचं, त्यातून आलेली ही कल्पना. वर्णन बरोबर होतं, नाव मात्र अपमानास्पद, आणि कारणाचा पत्ता जवळपास शंभर वर्षं कुणालाच नव्हता.

कारण माहीत नसलं की दोष कुणावर जातो हे मराठवाड्यात सांगायला नको. ग्रहणात बाहेर पडली, विळी हातात धरली, खाऊ नये ते खाल्लं, सगळं सुनेच्या डोक्यावर. युरोपातही वेगळं नव्हतं. आईवडिलांना गुप्तरोग असेल, दारूचं व्यसन असेल, घराण्यातच खोट असेल, असं खुद्द डॉक्टर म्हणायचे. अशा मुलाची आई शरमेने त्याला घरात लपवायची, नाहीतर संस्थेत टाकून मोकळी व्हायची.

लेज्यून यांनी सुरुवात केली ती तळहातापासून. या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या तळहातावर दोन आडव्या रेषांऐवजी एकच आडवी रेषा असते. भविष्य सांगणारे बघतात त्याच रेषा, पण लेज्यून यांना त्यात भूतकाळ दिसला. या रेषा बाळ पोटात असताना, पहिल्या काही महिन्यांतच तयार होतात. म्हणजे बिघाड त्याच्याही आधीचा असणार, अगदी मुळातला. तुर्पँ यांना तर १९३० च्या दशकापासूनच गुणसूत्रांचा संशय होता. पण माणसाच्या पेशीतली गुणसूत्रं नीट मोजता येतच नव्हती. माणसात ती ४८ असतात, असंच सगळी पुस्तकं सांगत होती.

१९५६ मध्ये स्वीडनमध्ये काम करणाऱ्या त्यो आणि लेव्हान या दोघांनी दाखवून दिलं की आकडा ४६ आहे. आईकडून २३, वडिलांकडून २३. आता मोजण्याचा रस्ता खुला झाला.

कोंबड्याचं रक्त आणि ४७ चा आकडा

इथे गोष्टीत एक बाई येते, जिचं नाव पुढची पन्नास वर्षं फारसं कुणी घेतलं नाही. डॉ. मार्थ गोतिए. शेतकरी घरातली मुलगी, बालरोगतज्ज्ञ झाली, वर्षभर अमेरिकेत बोस्टनला राहून आली. तिथे ती शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याचं तंत्र शिकली. ते तेव्हा फ्रान्समध्ये फार थोड्यांना येत होतं.

पॅरिसच्या त्रुसो हॉस्पिटलमध्ये तुर्पँ यांच्याकडे काम करताना तिने ही प्रयोगशाळा उभी केली. पैसे नव्हते. तिने स्वतः कर्ज काढून काचसामान आणलं. पेशी वाढवायला लागणाऱ्या द्रवासाठी एक कोंबडा पाळला आणि त्याचं रक्त वापरलं. माणसाचा सीरम लागला तेव्हा स्वतःच्या दंडात सुई टोचली. आधी निरोगी मुलांच्या पेशींत ४६ गुणसूत्रं मोजून तंत्र पक्कं केलं. मग डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या ऊतीचा बारीक तुकडा मिळाला. मे १९५८ च्या सुमारास पेशीत एक जास्तीचं, अगदी छोटं गुणसूत्र दिसलं. एकूण ४७.

तिच्याकडे फोटो काढू शकणारा सूक्ष्मदर्शक नव्हता. तोवर लेज्यून त्या प्रयोगशाळेत येऊ लागले होते. ते तिच्या स्लाइड्स फोटोसाठी घेऊन गेले. त्या स्लाइड्स आपल्याकडे परत आल्याच नाहीत, असं तिने म्हातारपणी सांगितलं. लेज्यून यांच्या बाजूचे लोक वेगळं सांगतात. मे १९५८ मधली त्यांच्या वहीतली नोंद ते पुढे करतात आणि दिसलेल्याचा अर्थ त्यांनीच लावला असं म्हणतात.

त्याच वर्षी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये जनुकशास्त्रज्ञांची जागतिक परिषद होती. तिथे ही बातमी सांगितली ती लेज्यून यांनी. २६ जानेवारी १९५९ ला फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तीन मुलांवरचा छोटा निबंध आला. नावांचा क्रम असा होता: लेज्यून, गोतिए, तुर्पँ. त्यातही गोतिएचं नाव चुकीचं छापलं होतं. दोनच महिन्यांत नऊ मुलांवरचा दुसरा निबंध आला आणि शंका उरली नाही. स्कॉटलंडमध्ये पॅट्रिशिया जेकब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच आढळलं.

गोतिए त्या कामातून बाहेर पडल्या, मुलांच्या हृदयाच्या आणि नंतर यकृताच्या आजारांकडे वळल्या. लेज्यून जगप्रसिद्ध झाले. या प्रकरणात त्यांची बाजू घेणं कठीण आहे. दिसलेल्या गोष्टीचं महत्त्व ओळखून ती जगापर्यंत नेणं हेही काम असतं, पण ज्या हातांनी पेशी वाढवल्या त्यांचं नाव मागे पडतंय हे त्यांना दिसत नव्हतं असं म्हणता येत नाही.

हा शोध नेमका काय सांगतो?

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकेकच पुढे जायला हवं. कधी कधी २१ व्या क्रमांकाची जोडी सुटत नाही, दोन्ही एकत्र पुढे जातात. मग बाळाच्या पेशीत २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन होतं. झालं, एवढंच. डाऊन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये हेच घडलेलं असतं. थोड्या मुलांमध्ये २१ व्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो. तो प्रकार कधी कधी आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतो, म्हणून त्या दोघांची तपासणी करावी लागते.

हे जास्तीचं गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीजातून येतं, काही वेळा शुक्राणूतून. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते. पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण एकूण बाळंतपणं तरुण वयातच जास्त होत असल्याने अशी पुष्कळ मुलं तरुण आयांनाही होतात. खाण्याचा, ग्रहणाचा, पापपुण्याचा यात काहीही संबंध नाही. १९५९ नंतर प्रत्येक आईला हे ठामपणे सांगता येऊ लागलं. लेज्यून यांच्या दवाखान्यात मुलाला घेऊन येणाऱ्या आयांना त्यांच्या तोंडून आधी हेच ऐकायला मिळायचं, यात तुझी चूक नाही.

१९६१ मध्ये 'मंगोल' हा शब्द टाकून द्या असं पत्र १९ जणांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्यात लेज्यून यांचीही सही होती. पुढे मंगोलियाच्या सरकारनेही आक्षेप घेतला आणि १९६५ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द सोडला.

मानसन्मान येत गेले. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. केनेडींची स्वतःची बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती आणि हा पुरस्कार त्यांच्याच कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचा होता. १९६३ मध्ये लेज्यून यांनी आणखी एक आजार उलगडला. त्यात पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळलेला असतो आणि बाळाचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं येतं. १९६४ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत जनुकशास्त्राचं नवं प्राध्यापकपद निर्माण झालं, ते त्यांना मिळालं. वय अडतीस. नोबेल आता फक्त वेळेचा प्रश्न आहे, असं बोललं जायचं.

आणि मग सुई गर्भाशयापर्यंत पोचली

१९६६ मध्ये अमेरिकेत गर्भजलातल्या पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रं मोजण्यात यश आलं. गर्भाभोवती जे पाणी असतं त्यात बाळाच्या पेशी तरंगत असतात. आईच्या पोटातून बारीक सुई घालून ते थोडं पाणी काढायचं आणि तपासायचं, हीच गर्भजल तपासणी. दोन वर्षांत या तपासणीतून पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोम आहे हे कळल्याची आणि त्यामुळे गर्भपात केल्याची नोंद आली.

लेज्यून यांना वाटत होतं की कारण सापडलंय, आता इलाज सापडेल. जगाने त्या कारणाचा उपयोग वेगळाच केला. इलाज लांब होता, तपासणी हातात होती.

ते कट्टर कॅथलिक होते. गर्भधारणा झाली त्या क्षणी माणूस सुरू होतो, ही त्यांची श्रद्धा होती आणि विज्ञानही तेच सांगतं, असा त्यांचा दावा होता. पण त्यांच्या म्हणण्याचा एक भाग असा होता की देवाला न मानणाऱ्यालाही तो टोचतो. डॉक्टरने रोगाशी लढायचं असतं, रोग्याला संपवून रोग संपवला असं म्हणता येत नाही, हा त्यांचा मुद्दा.

ऑक्टोबर १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकेतल्या मानवी जनुकशास्त्र संघटनेने त्यांना आपला सर्वांत मोठा पुरस्कार दिला. समोर जगातले सगळे मोठे जनुकशास्त्रज्ञ बसले होते. त्यांच्यापुढे या माणसाने आभाराचं भाषण बाजूला ठेवलं आणि गर्भ निवडून काढण्याविरुद्ध बोलायला सुरुवात केली. सभागृहाला ते रुचलं नाही. त्या रात्री बायकोला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आज आपलं नोबेल गेलं असं कळवलं, अशी आठवण त्यांच्या घरचे सांगत आले आहेत. नोबेल त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते याच भाषणामुळे हुकलं का, हे सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून आपल्याच क्षेत्रात ते एकटे पडत गेले, एवढं खरं.

१९७० मध्ये फ्रेंच संसदेत गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी गर्भपाताची मुभा देणारं विधेयक आलं. टीव्हीवर चर्चा झडू लागल्या. लेज्यून यांच्या दवाखान्यात येणाऱ्या डाऊन सिंड्रोमच्या एका मुलाने घरी ती चर्चा पाहिली. आपल्यासारख्यांना नकोसं म्हणतायत हे त्याला समजलं. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे रडत आला, असं कुटुंबीयांनी सांगितलंय. त्यानंतर लेज्यून सभा घेत फिरू लागले.

रस्त्यावरच्या बायका चूक होत्या का?

इथे दुसरी बाजू पाहिली नाही तर गोष्ट अर्धी राहील. त्या वेळी फ्रान्समध्ये गर्भपात गुन्हा होता. पैसेवाल्या बायका परदेशात जाऊन मोकळ्या व्हायच्या, गरीब बायका चोरून, घाणेरड्या जागी, जीव धोक्यात घालून. एप्रिल १९७१ मध्ये ३४३ बायकांनी आपण गर्भपात केल्याचं जाहीर करून सरकारला आव्हान दिलं. त्यात सिमॉन द बोव्हारसारख्या लेखिका होत्या. लेज्यून ज्या संघटनेसोबत होते तिची पॅरिसमधली सभा त्याच वर्षी उधळली गेली. भिंतींवर त्यांच्याविरुद्ध घोषणा रंगवल्या गेल्या, त्या त्यांच्या शाळकरी मुलांनाही वाचाव्या लागल्या.

लेज्यून यांच्या बोलण्यात गर्भ नेहमी असायचा, बाई क्वचित असायची. बलात्कारातून राहिलेला गर्भ असो की सहाव्या बाळंतपणाने पिचलेली आई, त्यांचं उत्तर बदलत नव्हतं. आपल्या दवाखान्यात आयांशी इतक्या मायेने बोलणारा माणूस कायद्याच्या प्रश्नावर आयांना मोजतच नव्हता, असं त्यांच्या विरोधकांना वाटलं तर नवल नाही.

जानेवारी १९७५ मध्ये आरोग्यमंत्री सिमॉन व्हेल यांचा कायदा लागू झाला. ठरावीक आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आणि गर्भात गंभीर, बरा न होणारा आजार असेल तर नंतरही मुभा. लेज्यून हरले.

ते पुढची वीस वर्षं दवाखाना चालवत राहिले. डाऊन सिंड्रोमची हजारो मुलं त्यांनी तपासली, त्यांची नावं ते लक्षात ठेवायचे. सोबत इलाजाचा शोध सुरूच होता. शरीरातल्या रासायनिक क्रिया सुधारल्या तर बुद्धीवरचा परिणाम कमी करता येईल, या आशेने ते फॉलिक ॲसिडसारख्या घटकांवर काम करत राहिले. त्यातून इलाज निघाला नाही. सरकारी पैसाही आटत गेला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पोप जॉन पॉल दुसरे यांच्याशी मैत्री झाली. १३ मे १९८१ ला पोपवर गोळीबार झाला त्याच दुपारी लेज्यून पती-पत्नी त्यांच्यासोबत जेवून बाहेर पडले होते.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पोपनी स्थापन केलेल्या जीवनविषयक अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले. तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासलं होतं. ३ एप्रिल १९९४ ला, ईस्टरच्या दिवशी, त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी, इकडे भारतात

सप्टेंबर १९९४ मध्ये भारतात गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. हा योगायोगच, पण या कायद्याची मुळं महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचा संबंध त्याच सुईशी आहे.

गर्भजल तपासणी १९७० च्या दशकात भारतात आली ती जन्मजात दोष शोधण्यासाठी. पण त्याच पाण्यातल्या पेशींवरून मुलगा की मुलगी हेही कळतं. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झालेलाच होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत १९८० च्या दशकात स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले, मृणाल गोरे यांनी विधानसभेत हा विषय लावून धरला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला.

तेव्हा या कार्यकर्त्यांपुढे एक अवघड पेच होता. गर्भजल तपासणी सरसकट बंद करायची, की व्यंग शोधण्यासाठी चालू ठेवायची? कायद्याने दुसरा मार्ग घेतला. केंद्राच्या कायद्यातही तेच आलं. गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे जनुकीय आजार, थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार शोधायला परवानगी. लिंग सांगायला बंदी. आईचं वय पस्तिशीच्या पुढे असणं, आधी दोन किंवा अधिक वेळा आपोआप गर्भपात झालेला असणं, घराण्यात असा आजार असणं, अशा अटीही घातल्या.

फरक का केला, याचं नेहमीचं उत्तर असं. मुलगी होणं हा आजार नाही, तिच्या जन्माचं ओझं समाजाने बनवलंय. डाऊन सिंड्रोममध्ये मात्र शरीराचे खरे त्रास आहेत. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, थायरॉइडचा त्रास होतो, शिकायला वेळ लागतो. उत्तर बरोबर आहे, पण पुरतं नाही. कारण अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे लोक विचारतात की या मुलांचं जगणं अवघड होतं त्यातला किती भाग गुणसूत्राचा आणि किती भाग शाळा दारात उभं करत नाही, सरकार उपचार देत नाही आणि शेजारी हसतात याचा? हृदयाचा दोष आज शस्त्रक्रियेने सुधारता येतो. चांगली वैद्यकीय सोय असलेल्या देशांत ही माणसं साठीपर्यंत जगतात. दुसरीकडे डेन्मार्कने २००४ पासून सगळ्याच गर्भवतींना ही तपासणी देऊ केली आणि तिथे डाऊन सिंड्रोमची मुलं जन्माला येणं एकदम कमी झालं. आइसलँडमध्ये तर ज्यांना निदान होतं त्या जवळपास सगळ्याच बायका गर्भपात करतात. कुणी सक्ती केलेली नाही. तरीही सगळ्यांचं उत्तर एकच येतं, याने अनेकांना अस्वस्थ केलंय.

२०११ च्या जनगणनेत लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तिथेही प्रत्येक घराने आपापलाच निर्णय घेतला होता.

तरी या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलणं बरोबर नाही, कारण नऊ महिने पोटात वाढवणारी आणि पुढची चाळीस वर्षं सांभाळणारी बाई या दोन्हीत एकच आहे आणि दोन्ही वेळा तिला फारसं कुणी विचारत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या ३७ वर्षांच्या एका महिलेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. गर्भ २६ आठवड्यांचा, डाऊन सिंड्रोमचं निदान झालेलं, आणि तेव्हाची मर्यादा २० आठवड्यांची. आईच्या जिवाला धोका नाही असं वैद्यकीय मंडळाने कळवल्यावर न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता काही कारणांसाठी, त्यात गर्भातलं गंभीर व्यंगही येतं, २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यानंतर राज्याच्या वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंग मान्य केलं तर आठवड्यांची मर्यादा नाही. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचं असतं.

पॅरिसचं भांडण मिटलं का?

जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या जनुकशास्त्रज्ञांनी बोर्दोच्या परिषदेत ८८ वर्षांच्या मार्थ गोतिए यांचा सन्मान करायचं ठरवलं. त्या शोधाची आपली बाजू सांगणार होत्या. लेज्यून यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने न्यायालयाची परवानगी घेऊन भाषणाची नोंद करायला बेलिफ पाठवले. आयोजक घाबरले, भाषण रद्द झालं. त्याच वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने मत दिलं की शोधात पेशी वाढवण्याचं तंत्र निर्णायक होतं आणि लेज्यून यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याची शक्यता कमी आहे. गोतिए एप्रिल २०२२ मध्ये वारल्या. लेज्यून यांना संतपद देण्याची चर्चमधली प्रक्रिया सुरू आहे, २०२१ मध्ये तिचा एक टप्पा पार पडला.

रिपोर्टवरच्या आकड्याचं काय करायचं?

उदगीरच्या त्या बाकड्यावरच्या बाईच्या हातात १:१८० असा रिपोर्ट आला, तर बहुतेक घरांत रडारड सुरू होते. त्या आकड्याचा अर्थ असा की तिच्यासारख्या १८० बायकांपैकी १७९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसेल. डबल मार्कर फक्त शक्यता सांगतो, निदान करत नाही. या रिपोर्टवरून गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नसतो. पुढची पायरी म्हणजे आईच्या रक्तातूनच बाळाचा डीएनए तपासणारी एनआयपीटी चाचणी. ती बरीच अचूक आहे, पण महाग आहे आणि तीसुद्धा चाळणीच आहे. पक्कं निदान गर्भजल तपासणीतून होतं. ती साधारण १५ आठवड्यांनंतर करतात आणि तिच्यात गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो, शंभरात एकाहून कमी. त्यासाठी उदगीरहून बहुतेकांना लातूर, सोलापूर किंवा हैदराबाद गाठावं लागतं. जाणं-येणं, राहणं, मजुरी बुडणं वेगळंच.

निदान झालं तर डॉक्टरने दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, गर्भपात कुठपर्यंत करता येतो ते आणि मूल ठेवलं तर काय काय मिळतं तेही. दुसरी गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. बौद्धिक अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात, त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यातूनच पुढे पाठवतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या यूडीआयडी संकेतस्थळावर अर्ज करता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते.